कोपऱ्यातली खुर्ची

सोमवार, २ सप्टेंबर

आज मुंगीची बालशाळा सुरू झाली आणि मला खुर्ची मिळाली. शब्दकोशाच्या कचेरीत इतकी वर्षं घासूनही न मिळालेली ही वस्तू अशी मिळेल असं वाटलं नव्हतं.

मुंगी म्हणजे आमची मुलगी, वय तीन. मूल उशिरा झालं, त्यामुळे बापही उशिराच झालो. आणि उशिरा शिकलेल्या गोष्टी माणूस जरा जास्तच मनावर घेतो. तिची आई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, मुंगी उठायच्या आत घराबाहेर पडते. मी कचेरीतलं टेबल सोडून घरी बसून संस्कृत शब्दांचे अर्थ लिहितो आणि मधल्या वेळात मुंगीला वाढवतो. खरं सांगायचं तर उलट.

खुर्ची खोलीच्या टोकाच्या कोपऱ्यात आहे. तेवढीच एक मोठ्या माणसाच्या मापाची, बाकी सगळं सामान माझ्या गुडघ्याएवढं. ताईंनी नियम सांगितले. ताई म्हणजे बालशाळेच्या बाई. माझ्याहून निदान पंधरा वर्षांनी लहान, पण सगळा गाव त्यांना ताई म्हणतो, म्हणून मीही.

"मूल रुळेपर्यंत घरचं एक माणूस इथे बसतं. बसून राहायचं, खेळात शिरायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. ती आपण होऊन आली तर जवळ घ्या. तिचं तुमच्याकडे वळून बघणं कमी झालं, की बघू."

"काय बघू?"

"तुम्हाला कधी सोडायचं ते, बाबा."

त्या मला बाबा म्हणतात. सगळ्याच बापांना म्हणत असतील; तरी दचकलो.

नवं मूल एका वेळी एकच घेतात, म्हणून खुर्चीही एकच. एक तारखेला तिच्यावर दुसऱ्या कुणाची तरी आई बसणार आहे. तोवर मुंगी रुळली नाही, तर तिची जागा जाईल आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचार होईल. योगायोग असा, की कोशाच्या संपादकांनीही मला एक तारीखच दिली आहे: "घरचा संसार पुरे झाला, आता टेबलावर या, नाहीतर दुसरा माणूस बघतो." घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, मुंगी रुळायला हवी. माझंही तेच आहे. लिहून ठेवतो.

मंगळवार, ३ सप्टेंबर

ताई काही शिकवत नाहीत. मी दोन दिवस लक्ष ठेवून आहे.

प्रवेशाच्या वेळी मी मुंगीकडून "फलम्, फले, फलानि" म्हणून घेतलं होतं. एक फळ, दोन फळं, पुष्कळ फळं. तीन वर्षांची पोर संस्कृतातलं द्विवचन चालवते, तेव्हा ऐकणाऱ्याने किमान भुवया उचलाव्यात अशी रीत आहे. ताई म्हणाल्या, "आवाज गोड आहे. पाणी ओतायला आवडतं का हिला?"

आज कळलं, का विचारलं ते. इथे एक लहान तांब्या, दोन पेले आणि एक फडकं ठेवलेलं असतं. मुंगीने पाणी ओतलं, अर्धं सांडलं आणि माझ्याकडे पाहिलं. घरी या क्षणी मी "अगंअगं" म्हणत धावतो. ताईंनी फडकं तिच्या हाताजवळ सरकवलं आणि दुसरीकडे बघत बसल्या. मुंगीने पुसलं. मग मुद्दाम पुन्हा सांडलं, पुन्हा पुसलं. असं बराच वेळ. चेहऱ्यावर भाव असा, की मोठं काम हाती घेतलंय.

"शाब्बास" कुणी म्हणालं नाही. ताई एवढंच म्हणाल्या, "टेबल कोरडं झालं." आणि ही पोर त्यावर अशी फुलली, की माझ्या आजवरच्या सगळ्या शाब्बासक्या फुकट गेल्या असं वाटलं.

संध्याकाळी बायको आल्या आल्या म्हणाली, "तुला तिथे कुणी मारलं का?"

"नाही."

"मग तोंड का असं?"

तोंड कसं आहे ते मला दिसत नव्हतं. मुंगी न्हाणीघरात फडकं मागत होती.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

दोन दिवस घसा खवखवतोय. हवेत धूळ असावी.

मुंगी खेळात गुंगली, की नेमका खोकला येतो. मी खाकरतो, ती वळून बघते, मी हसतो, ती हसते, परत खेळायला लागते. यात माझा काही हेतू नाही. घसा आहे, तो आपल्या वेळेने खवखवतो. आज तिसऱ्यांदा खाकरल्यावर ताईंनी कोमट पाण्याचा पेला आणून दिला. छोटा, मुलांचाच.

"घशाला बरं वाटेल, बाबा."

आवाजात कुठेही टोमणा नव्हता. तोच मला लागला.

बायकोला सांगितलं, की मुंगी अजून सारखी माझ्याकडे बघते. "बघणारच," मी म्हटलं, "माझी सवय आहे तिला."

"घरी तर खोकत नाहीस," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. मी सांगत होतो काय, ही बोलते काय.

मंगळवार, १० सप्टेंबर

आजचा विषय बाही.

मुंगी तान्ही असताना माझा एक जुना मऊ सदरा होता. तो फाटला, त्याची एक बाही तिने ठेवून घेतली. झोपताना ती लागते, ताप आला की लागते, डॉक्टरांकडे तर लागतेच. दुसऱ्या मुलांना उशी लागते, बाहुली लागते. आमच्या पोरीला बापाच्या सदऱ्याची बाही लागते. यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही, असं मी लोकांना सांगतो.

इथे प्रत्येक मुलाला भिंतीतल्या मांडणीत एक खण आहे, त्यावर चित्र. मुंगीचं चित्र गोगलगाईचं. ताई म्हणाल्या, बाही खणात ठेवा. तिला हवी तेव्हा ती घेईल, नको तेव्हा ठेवेल. घरची वस्तू हाताशी असली, की मूल लांब जायचं धाडस करतं.

मी हो म्हटलं आणि विसरलो. बाही माझ्याच खिशात राहिली. मग ओघानेच मुंगीला ती हवी झाली, की ती खुर्चीशी येत राहिली. यायची, खिशात हात घालायची, बाही गालाला लावायची, आत ठेवायची, जायची. एका सकाळीत किती वेळा! ताई बघत होत्या. बघू देत, म्हटलं. काही गोष्टी खणात मावत नाहीत, हेही त्यांच्या शास्त्रात असायला हवं.

जाताना त्यांनी विचारलं, "बाही खणात ठेवली नाहीत का?"

"राहून गेलं," मी म्हणालो.

"चालतं," त्या म्हणाल्या.

हा त्यांचा लाडका शब्द. पाणी सांडलं, चालतं. उलटा बूट घातला, चालतं. रडू आलं, चालतं. ज्या माणसाला सगळंच चालतं, त्याच्याशी भांडण काढणं फार जड जातं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

घरात आता "ताई म्हणते" सुरू झालंय. ताई म्हणते आधी बघायचं मग ओतायचं. ताई म्हणते भाजीला हात लावून बघायचा. आज मी तिच्या बुटाचा बंद बांधायला वाकलो, तर माझा हात बाजूला सारून म्हणाली, "ताई म्हणते, मला वेळ द्या."

तीन वर्षं या पायांना बूट मी घातले. पहिलं पाऊल माझ्या पुस्तकांच्या कपाटाला धरून टाकलं होतं, तेव्हा ताई कुठे होत्या?

वेळ दिला. बंद बांधला गेला नाही. एकाला दुसऱ्यात गुंडाळून ती शेजारणीकडे तसाच बूट दाखवायला गेली. मी दाराशी वाकलेल्या अवस्थेत बराच वेळ होतो.

रविवार, १५ सप्टेंबर

सुट्टी. बायकोने आज मुंगीला बागेत नेलं, मला घरी बसून काम कर म्हणाली. एका साध्या संस्कृत धातूचा अर्थ जमेना. दोघी परत आल्या तेव्हा मुंगी आईच्या खांद्यावर झोपली होती आणि बाही माझ्या टेबलावर राहिली होती.

"मागितली नाही?" मी विचारलं.

"नाही. विचारत होती, बाबाजवळ आहे ना."

"बघ," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती पोरीचे बूट काढायला लागली.

बुधवार, १८ सप्टेंबर

आज मुंगीला एकजण चावला.

वर्गात एक गुबगुबीत मुलगा आहे. बोलणं अजून फुटलेलं नाही, त्यामुळे मतभेद दातांनी मांडतो. मी त्याला मनातल्या मनात दंतवीर म्हणतो. मुंगीने त्याच्यासमोरची मण्यांची टोपली ओढली आणि त्याने तिच्या दंडावर आपला अभिप्राय नोंदवला.

मी उठलो. नियम मोडून ताडकन उठलो. मुंगी ओरडली आणि धावत सुटली, आणि खोलीच्या मधोमध येऊन थांबली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ताई. ताईंनी तिला उचललं नाही. त्या फक्त खाली, जमिनीवर बसल्या. मी दोन्ही हात पसरले. माझ्या आयुष्यात परीक्षेच्या निकालाची मी इतकी वाट पाहिलेली नाही.

ती माझ्याकडे आली.

लिहिताना अजून छाती भरून येते. ताईंच्या देखत, सगळ्या खोलीच्या देखत माझ्याकडे आली, मानेला मिठी मारली. दंडावर दातांचा छोटा अर्धचंद्र होता. माझ्या डोळ्यांत पाणी होतं हे मला तिने गाल पुसल्यावर कळलं.

"बाबा, रडू नको," ती म्हणाली. "मला जास्त नाही लागलं. तू बस हं."

आणि मला खुर्चीत बसवून, बाही माझ्या मांडीवर ठेवून, परत मण्यांकडे गेली. तीन वर्षांच्या मुलीत केवढी ही समज! संध्याकाळी बायकोला दोनदा सांगितलं.

"कोण कुणाकडे आलं म्हणालास?" तिने विचारलं.

"ती माझ्याकडे."

"हं," ती म्हणाली.

ताई त्या वेळी दंतवीराजवळ होत्या. "तुला टोपली हवी होती. तिला दुखलं," एवढंच त्याला सांगत होत्या. रागावल्या नाहीत. मी असतो, तर निदान एक सुभाषित ऐकवलं असतं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

ताईंनी थांबवून घेतलं. मुलं अंगणात होती.

"मुंगीचं खेळणं अर्ध्यावर राहतंय, बाबा. रंगात येते आणि मध्येच उठून तुम्हाला बघून जाते."

"तेच तर मी म्हणतो. तिला मी लागतो."

"हो, तसंही असेल."

"तसंही म्हणजे?"

त्या खिडकीतून अंगणात बघत होत्या. "घरी कुणी आजारी आहे का? किंवा काही काळजीचं? मुलं कधी कधी घरच्या माणसाकडे लक्ष ठेवून असतात."

मी म्हणालो, आमच्या घरी सगळे ठणठणीत आहेत, फक्त माझा घसा. त्या हसल्या. हसणं चांगलं आहे त्यांचं, हेही नोंदवून ठेवतो, माझा कुणावर राग नाही. पण एक विचारावंसं वाटलं: तुमचं स्वतःचं मूल आहे का? विचारलं नाही. असतं तर वाईट वाटलं असतं, नसतं तर त्याहून.

मंगळवार, २४ सप्टेंबर

आज मुंगी बाहुलीशी खेळत होती. पालथ्या टोपलीवर बाहुलीला बसवलं, तेही कोपऱ्यात, आणि बोट दाखवून म्हणाली, "इथेच बस. मी आहे हं. खेळून येते. रडायचं नाही." चार पावलं गेली, वळून बघितलं, परत आली, बाहुलीला फडकं पांघरलं, पुन्हा गेली. पुन्हा वळून बघितलं.

मला कसंसंच झालं. पोरीच्या मनात विरहाची केवढी धास्ती बसली आहे! आपल्याला सोडून जातील या भीतीने खेळही तोच सुचतो तिला. मी ताईंना खुणेने दाखवलं. त्या बघत होत्याच. मग त्यांनी माझ्याकडे इतकं प्रेमळपणे पाहिलं, की मी नजर वळवली.

संपादकांचा फोन आला. अजून ठरत नाही म्हणालो, मुलगी रुळत नाही. "मुलगी की तुम्ही?" ते म्हणाले. त्यांना पहिल्यापासून थट्टेची सवय आहे.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आज फार जळलो. साध्या मराठीत लिहितो, कारण मत्सर, असूया, ईर्ष्या या तिन्ही शब्दांचे सूक्ष्म भेद मीच कोशात लिहिले आहेत आणि आज एकही पुरला नाही.

मुंगी आणि दंतवीर मण्यांशी बसले होते. लाकडी मणी, सुपारीएवढे. मुंगीने एक मणी त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "फलम्." मग दोन ठेवले. "फले." मग टोपलीत दोन्ही हात घालून ओंजळभर मणी त्याच्या मांडीवर ओतले आणि ओरडली, "फलानि!" तो खदखदून हसला. हात पुढे केला. पुन्हा एक, पुन्हा दोन, पुन्हा ओंजळ. चौथ्या-पाचव्या वेळी, ज्याला आई म्हणता येत नाही असं त्याची आई सांगते, तो म्हणाला, "आनि!"

ताई जमिनीवर बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते.

फलम् माझं. फले माझं. ओंजळ मात्र इथली, मणी इथले, आणि ते दोन्ही हात आत घालणं इथलं. मी महिनोन्महिने पोपटपंची करून घेतली आणि अर्थ तिला या खोलीत सापडला, त्या बाईंच्या डोळ्यांसमोर, ज्यांनी तिला एक अक्षर शिकवलेलं नाही. मी खाकरलो. खरंच घसा दाटला होता.

मुंगीने वळून पाहिलं नाही.

मी पुन्हा खाकरलो. मग तिने पाहिलं, उठली, मणी तसेच टाकून माझ्याकडे आली, खिशातली बाही काढून माझ्या हातात दिली. दंतवीर रिकामा हात पुढे करून बसून राहिला. किती वेळ बसून राहिला. तो हात मला अजून दिसतोय.

घरी बायकोला सगळं सांगितलं, शेवटचं सोडून. म्हटलं, "अर्थ तिला कुणी सांगितला? मी तर फक्त म्हणून घेत होतो."

"तू बोटं दाखवायचास की," ती म्हणाली.

"कधी?"

"रोज. न्हाऊ घालताना. एक बोट, दोन बोटं, मग सगळा पंजा पाण्यात आपटायचास. माझी अर्धी साडी भिजायची."

मला अजिबात आठवत नाही.

जेवण झाल्यावर बाही धुऊन वाळत घातली.

सोमवार, ३० सप्टेंबर

सकाळी बालशाळेत शिरल्यावर मी आधी मांडणीकडे गेलो आणि बाही गोगलगाईच्या खणात ठेवली. मग खुर्चीत बसलो. घसा बरा होता.

मुंगी मांडणीपाशी गेली, बाही पाहिली, बाहेर काढली आणि विचारात पडली. मग ताईंचा पदर ओढून त्यांना खाली वाकवलं आणि कानात बोलली. तिचं कानातलं बोलणं रस्त्यापलीकडे ऐकू जातं.

"ताई, आज बाबाला पाठवून बघू या का? थोडाच वेळ?"

ताई गंभीरपणे म्हणाल्या, "राहील तो?"

"राहील. आता नाही रडत तो जास्त."

खोली एकदम खूप लहान झाली, का मीच गुडघ्याएवढा झालो, कोण जाणे. मुंगी खुर्चीपाशी आली. बाही माझ्या खिशात नीट, आतपर्यंत सारली आणि वरून थोपटली.

"ही तुझ्याजवळ ठेव. तुझी आहे," ती म्हणाली. "तू जा. मी आहे इथे. मग परत ये."

"आणि मला तुझी आठवण आली तर?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं.

ती थोडा विचार करून म्हणाली, "पाणी पी."

मी उठलो. गुडघे वाजले. दारात ताई उभ्या होत्या. आभार मानावेत की कसूर कबूल करावी, हे ठरेना. "उद्या त्या दुसऱ्या बाई येतील ना खुर्चीवर," मी म्हणालो, "त्यांना सांगा, डावा पाय डगमगतो. खुर्चीचा."

"सांगते," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस बसलात, बाबा. सगळे एवढं बसत नाहीत."

चांगल्या अर्थाने म्हणाल्या असाव्यात. अजून विचार करतोय.

रस्त्यावर आलो. भिंतीपलीकडून मुलांचा कालवा येत होता, त्यात तिचा आवाज वेगळा काढायचा प्रयत्न केला. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी उभा राहून एकदा खाकरून पाहिलं. कुणी वळून बघितलं नाही. दुकानदाराने पाण्याची बाटली पुढे केली. घेतली. प्यायलो. संपादकांना फोन केला, उद्या येतो म्हणालो. "रुळले का एकदाचे?" ते म्हणाले. मी फोन ठेवला.

दुपारी वेळेच्या आधीच दारात हजर होतो. मुंगी दंतवीराबरोबर पाणी ओतत होती. मी आल्याचं तिने पाहिलं, हात वर करून थांब अशी खूण केली, पेला भरला, टेबल पुसलं, फडकं पिळून वाळत घातलं, आणि मग आली. वाटेत माझं बोट धरून, समोर बघत, तिने मला विचारलं:

"रडलास?"

"नाही."

"थोडासा?"

"थोडासा."

"चालतं," ती म्हणाली.

हा शब्द आमच्या घरातला नाही.